पेणच्या गुरुजींचा ध्रुव

पनवेल,
वैशाख वद्य पंचमी

तीर्थस्वरूप काशीरामदादांना भगवानचा साष्टांग नमस्कार. आपला दमा आणि वहिनींची कंबर कशी आहे ते कळवावे. आपली बहीण ट्रंक घेऊन पेणला आपल्याकडेच आली आहे, म्हणून तिची खुशाली विचारत नाही. (विचारली तरी ती उत्तर देणार नाही.) ती आली याचा दोष तिने माझ्या दुर्बिणीवर ठेवला असेल. तो खरा नाही, एवढ्यासाठी हे पत्र.

दुर्बिणीचा आरसा मी हाताने घासला. ताऱ्यामागून ती बिनचूक फिरायची तर तिचा आस ध्रुवाच्या दिशेने रोखावा लागतो; जात्याची मधली खीळ कलली की वरचा दगड धड फिरत नाही, तसेच हे. ध्रुव ओळखायला मला नकाशा लागला नाही. आमच्या लग्नात आपल्याच अंगणात आपल्या गुरुजींनी तो बोटाने दाखवला होता. (डोळ्यांवर उजेड नको म्हणून गॅसबत्तीपुढे आपण उपरणे धरले होते.) त्या ताऱ्यावर आस रोखला आणि चित्रा नक्षत्राचा तारा दुर्बिणीत घेतला. पान लावेपर्यंत तो निघून गेला. परत आणला, परत गेला. तिवईचा साग शेजारच्या खलीलभाईंच्या वखारीतला. त्यांनी तो ठोकून पाहिला. म्हणाले, "भगवानराव, साग नाही हलला. तुमचं आसमान हललंय."

शेवटी नकाशा उघडला. गुरुजींचा तारा ध्रुवाच्या वरचा निघाला. तेवढाच तेजस्वी, पण ध्रुव नव्हे.

हे मी जेवताना सहज सांगितले. दमयंतीचा वाढता हात थांबला.

"म्हणजे ध्रुवासारखी अढळ राहीन, असं मी कुणाकडे बघून म्हणाले?"

"शेजारच्याकडे," मी म्हणालो. (खगोलदृष्ट्या हे अचूक आहे.)

"मग मी बांधलेली नाही," असे म्हणून तिने सकाळची एसटी धरली.

बातमी गल्लीत पसरली. मासळीवाली ठमाबाई विचारायला आली, "भाऊ, आमाला दावलेला तरी खरा हाय का नाय?" बहुधा नसावा, असे मी म्हणालो. "तरीच!" म्हणत ती हसत गेली. गुरुजी एसटी स्टँडवर भेटले. त्यांचे म्हणणे, "यजमान, मी दिशा दाखवतो. तारा ज्याचा त्यानं बघायचा."

इकडे गैरसोय फारशी नाही. भात करपतो, पण होतो. आस आता खऱ्या ठिकाणी रोखला आहे. चित्रेचा तारा मधोमध उभा राहतो, हलत नाही. बघायला ये म्हणून हाक मारतो आणि मग घरात कोणी नाही हे लक्षात येते.

आपला,
भगवान

ता. क. शुक्रवारी दमयंतीला दुपारच्या एसटीत बसवून द्यावे. या वेळी ध्रुव मी स्वतः दाखवीन.

आणखी ता. क. पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवाल तेव्हा एवढे गाळावे. खरा ध्रुवही अढळ नाही. तोही रोज एक लहानशी फेरी मारतो, म्हणून आस त्याच्या किंचित बाजूला रोखावा लागतो. हे तिला कधीतरी सांगावेच लागेल. त्या दिवशी आपण इथे मुक्कामाला असावे, ही विनंती.