चंद्राच्या आधी, आपाच्या दारात

प्रिय अम्मा,

सलाम. आज शाबानची एकोणतीस तारीख. संध्याकाळी चंद्र दिसला तर उद्या पहिला रोजा, नाही दिसला तर परवा. म्हणजे माझ्या हातात आजचाच दिवस धरायचा. आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलेल्या माणसाला वेळ संपत आल्याशिवाय हात चालवता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून सकाळचा चहा ठेवला तसाच बाजूला सारून लिहायला बसलोय.

मला किळस आलीय, अम्मा. चार दिवस झाले, फोन वाजला की तो पालथा घालून ठेवतो.

आता माफी फोनवर मागतात, हे तुला कुणी सांगितलं नसेल. ‘कळत नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा, रमजानच्या आधी दिल साफ करू या.’ खाली एक कंदील, दोन गुलाब. एकानं लिहायचं आणि हजारांनी पुढे ढकलायचं. ज्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही अशा माणसांनी माझी माफी मागितलीय! आमच्या वरच्या मजल्यावरचा एक जण रोज गॅलरीतून खाली पान थुंकतो. त्यानं परवा दहा वाजता माफी मागितली आणि अकरा वाजता थुंकला. सांगलीत आमच्या चौकात इफ्तारचा फ्लेक्सही लागलाय. हात जोडलेले नऊ चेहरे. आमच्याकडे हल्ली चंद्राच्या आधी फ्लेक्स दिसतो.

पण या सगळ्या ढिगाऱ्यातला सर्वात घाणेरडा मेसेज कुणाचा होता सांगू? माझा.

त्याआधी तुझं आठवू दे.

तुझी रमजानची तयारी खजूर आणि शेवयांनी सुरू व्हायची नाही. शाबान निम्मा सरला की तू शिलाई मशीनवर कापड टाकून डोक्यावरून पदर घ्यायचीस आणि दारोदार निघायचीस. कराडची ती आपली गल्ली, दोन्ही बाजूंची घरं. आपल्या जमातीतली आणि बाकीचीही. तुझा नियम एकच होता. चूक नाव घेऊन सांगायची. नुसतं ‘माफ करा’ म्हणायचं नाही. ‘पोट रिकामं ठेवायच्या आधी तोंड रिकामं करावं,’ असं तू म्हणायचीस.

पारूबाईंच्या दारात तू काय म्हणालीस ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. “पारूबाई, तुमच्या निळ्या झंपरचं कापड कमी पडलं असं मी म्हणाले व्हते. कमी पडलं नव्हतं. माझीच कात्री चुकली. माफ करा.”

आणि पारूबाई काय म्हणाल्या? “आवं चाची, ते तवाच कळलं हुतं मला! बाही कोपराच्या वर गेली ती काय कापडानं गेली व्हय? बसा, च्या टाकते.”

लाज वाटायची मला तेव्हा. कॉलेजात जाणारा मुलगा मी, आई गल्लीभर आपल्या चुका सांगत फिरते! एका वर्षी तर तू माझ्याच पुढ्यात येऊन उभी राहिलीस. माझा पहिला लेख छापून आला होता, तो अंक तू कापून त्याचा बाही बेतायचा कागद केला होतास. तुला वाचता येत नव्हतं, रद्दीतला पेपर समजून कात्री चालवलीस. आपानं, तुझ्या थोरल्या लेकीनं, तुला ते पुढं कधीतरी सांगितलं. मी हसलो, “राहू दे ना अम्मा,” म्हणालो. तू चिडलीस. “हसू नगंस, सलम्या. माफ केलं म्हण.” मी म्हणेपर्यंत तू दारातून हलली नाहीस.

इतकं शिकवूनही मी काय केलं बघ.

शनिवारी मला तोच कंदीलवाला मेसेज तिसाव्यांदा आला. फार लांबलचक होता. सवयीनं मी त्यातल्या तीन ओळी कापल्या, एक वाक्य नीट केलं आणि फोनमधल्या सगळ्यांना एकदम पाठवून दिला. माफीचंसुद्धा संपादन केलं मी! दिवसभर उत्तरं येत राहिली. ‘आमच्याकडूनही.’ ‘आपणही माफ करावं.’ जोडलेले हात, हात, हात. कुणीही काही विचारलं नाही.

एकच उत्तर वेगळं होतं. आपाचं. चार वर्षांत तिचा पहिला शब्द. तिनं लिहिलं होतं, ‘कशाची?’

तुझाच प्रश्न विचारला तिनं, अम्मा. तुझ्या मशीनवर बसून, कदाचित तुझाच चष्मा लावून.

आणि मी काय उत्तर दिलं? ‘अगं, तसं खास काही नाही, सगळ्यांनाच पाठवलाय.’ पाठवल्यावर मीच ते तीनदा वाचलं. तिनंही वाचलंय, दिसतं तसं फोनवर. पुढे काही आलं नाही. आता येईल तरी कशाला?

कशाची, ते तुला माहीत आहे. जगात दोघांनाच ठाऊक होतं, तुला आणि मला. आणि आपालाही, हे मी स्वतःशी कबूल करत नव्हतो.

तुझ्या शेवटच्या रमजानात केवढं ऊन होतं! डॉक्टरांनी रोजे धरू नका म्हणून बजावलं होतं. साखर वाढलेली, मधेच एकदम खाली जायची. आपानं तुला पहाटे सहरीच्या जेवणाला उठवायचं नाही असं ठरवलं होतं. मग तू मला फोन केलास. संध्याकाळची वेळ, पहिलं पान लावायचं होतं, टेबलापाशी दोघं जण खोळंबलेले. मागे आपाच्या मशीनचा आवाज ऐकू येत होता. तू म्हणालीस, “डॉक्टर नको म्हणतोय, आपा पण नको म्हणतीया. तू शिकलेला, तू सांग. धरू का?”

मी म्हणालो, “धर गं, तुला बरं वाटत असेल तर धर. मी कामात आहे.”

तू किती आनंदलीस! फोन ठेवता ठेवता ओरडून सांगितलंस, “आपा, सलम्या हो म्हणाला!” आणि मशीन थांबलं. ते थांबलेलं मशीन मी तेव्हाच ऐकलं होतं, अम्मा.

आणि त्याच आठवड्यात, दरवर्षीप्रमाणे, पुरवणीत माझा लेख होता. रमजानची मानसिक तयारी. त्यात मी स्वच्छ लिहिलं होतं की आजारी माणसाला रोज्याची सूट आहे, त्याच्या बदल्यात गरिबाला जेवू घालावं, जीव धोक्यात घालू नये. सगळ्या जिल्ह्याला सांगितलं. तुला सांगायला मला दोन मिनिटं नव्हती! किळस येऊ नये तर काय व्हावं?

सोळाव्या रोज्याला तू गेलीस. तू कशानं गेलीस, रोज्यानं की तुझे दिवसच भरले होते, ते मला माहीत नाही. डॉक्टरही ठामपणे काही बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी, जियारतीला, अंगणात सगळी माणसं बसलेली असताना कुणीतरी विचारलं, इतकं आजारी माणूस रोजे धरत होतं, घरात कुणी अडवलं नाही का? सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मी आपाकडं बोट केलं. “घरात ही होती. मी नव्हतो. हिनं धरू दिले.”

पारूबाईच तेवढ्या बोलल्या, “आरं, काय बोलतोयस रं हे!”

आपा हातात ट्रे घेऊन उभी होती. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. तूच हो म्हणालास, एवढंच. ती बोलली नाही. ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. मला चारचौघांत वाचवलं तिनं, अम्मा, आणि मी ते घेतलं. वर चार वर्षं मीच रागावल्यासारखा वागलो! तिच्याशी बोलायचं बंद केलं ते मी, तिनं नव्हे.

दोन आठवड्यांपूर्वी, शाबानच्या पंधराव्याला दुपारी कराडला आलो होतो, तुझ्या कबरीवर फुलं घालायला. तुला कळलं असेल. तिथून आपलं घर चालत दहा मिनिटांवर. मी फातेहा पढलो, रुमालानं हात पुसले आणि सरळ स्टँडवर जाऊन सांगलीची एसटी धरली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती आणि मी खिडकीत बसून यंदाच्या लेखाची सुरुवात जुळवत होतो. ती चांगली जुळली. आज छापून आलाय लेख, माझ्या फोटोसकट. ‘चंद्र दिसण्याआधी रुसलेल्या दारापाशी जा.’ हे माझं पहिलं वाक्य.

हे लिहीत असतानाच पारूबाईंचा फोन आला. ऐंशी ओलांडल्यात, पण आवाज तसाच खणखणीत.

“सलीम, नातीनं पेपर वाचून दावला. लय ग्वाड लिवतोस बाबा तू.”

“कसं काय पारूबाई, बरं आहे ना?”

“माझं ऱ्हाऊ दे. आमच्या गल्लीत एक दार हाय, त्ये कवाचं उघडं हाय. पेपरातल्या दारात जातोस, हितल्या कवा येतोस?”

मी विचारलं, “आपा काही म्हणाली का?”

“ती काय म्हणतीया! तुजं नाव न्हाई काढत. पर तुज्या फोटूचा पेपर आला की घडी घालून ठेवतीया. एक कागद कापत न्हाई त्यातला.”

ठेवला फोन त्यांनी. मला काही बोलूही दिलं नाही.

अम्मा, तुझ्याकडून ‘माफ केलं’ हे ऐकायची सोय आता राहिलेली नाही. तुला फोनवर मी दोन मिनिटं दिली नाहीत, तुला घाईघाईनं हो म्हणालो, ही माझी चूक, आणि तिची माफी मी इथं, नाव घेऊन मागतोय. उत्तर तुझ्याकडं शिल्लक राहू दे. आपाचं तसं नाही. ती आहे, दार उघडं आहे, आणि संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे.

काय बोलायचं ते मी लिहून काढलं. चार वेळा खोडलं. दर वेळी शेवटी ‘पण’ येत होता. पण मी कामात होतो, पण मला धक्का बसला होता, पण तूही फोन केला नाहीस. सगळे ‘पण’ कापल्यावर एवढंच उरलं: ‘आपा, अम्माला रोजे धर असं मी सांगितलं होतं. तू नको म्हणत होतीस. मला माहीत असून मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं.’

तिच्या ‘कशाची?’ला फोनवर उत्तर देणार नाही, हा तुला शब्द. साडेअकराची कराड गाडी धरतोय. जिथं ती ट्रे घेऊन उभी होती त्या अंगणात मी उभा राहीन आणि हे म्हणेन, पारूबाई ऐकत असल्या तर मोठ्यानं म्हणेन. जियारतीला बसलेल्यांपैकी गल्लीत जे असतील त्यांच्या दारातही जाईन, तुझ्यासारखा, एकेका दारात. तिनं माफ केलं नाही तर तिच्यावर रागावणार नाही. ती ‘राहू दे’ म्हणाली, तर मात्र तू जशी माझ्या दारात उभी राहिलीस तसा मी तिच्या दारात उभा राहीन.

चंद्र दिसेपर्यंत.

तुझा,
सलम्या