घागरीतलं गोड पाणी

४ फेब्रुवारी

रहाटाची करकर. आज सकाळी गाडीतून उतरताना साठ वर्षांपूर्वीची ती करकर अचानक कानात वाजली. अथणीकडे आमच्या शाळेमागं विहीर होती. वर्गात आम्ही कविता म्हणायचो आणि बाहेर रहाट ताल धरायचा. त्या सगळ्या कविता अजून पाठ आहेत.

दुपारी शहरात, मारतहळ्ळीला, मुलाच्या, श्रीवत्साच्या फ्लॅटवर पोचलो. आता इथंच राहायचं. तिसरा मजला, खिडकीशी चाफा. मुलगा नि सून दिवसभर ऑफिसात. नात संहिता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं बजावलं, रोज संध्याकाळी एक कविता म्हणायची, अज्जा, सुट्टी नाही. म्हाताऱ्याला आणखी काय हवं.

७ फेब्रुवारी

आश्लेषानं, सुनेनं, आज संहिताचं दुखणं नीट समजावलं. अंगातले पहारेकरी घरच्यालाच चोर समजतात, तिच्या यकृतावर तुटून पडतात. म्हणून गोळ्या देऊन त्यांना गुंगीत ठेवलंय. दोन वर्षं सगळं शांत आहे. पण बाहेरून काही शिरलं तर अडवायला कुणी जागं नाही. म्हणून तिचं पाणी वीस मिनिटं खळखळ उकळायचं, निवलं की घागरीत भरायचं. ते काम मी मागून घेतलं. तांब्याची घागर आईची, मीच गावाहून आणलेली.

१५ फेब्रुवारी

उकळलेलं पाणी मेल्यासारखं लागतं, अशी पोरीची कुरकुर. आज एक कविता आठवता आठवता डुलकी लागली. जाग आली तोवर तिची यायची वेळ झालेली. नळाचंच पाणी फडक्यानं गाळून घागरीत ओतलं. तांब्यात पाणी आपोआप शुद्ध होतं, आई म्हणायची.

पोरगी दोन पेले प्याली. म्हणाली, "अज्जा, आज पाणी गोड आहे. काय केलंस?"

मी म्हटलं, आमच्या गावची गंमत आहे. फार बरं वाटलं.

२ मार्च

त्या दिवसापासून उकळलेलं नाही. आश्लेषा दुपारी फोन करून विचारते, मी हो म्हणतो. ऊन वाढलंय. नळाला आता टँकरचं पाणी, इमारतीखालच्या टाकीत साठवलेलं. इथं तिला संप म्हणतात. उद्यापासून उकळीन, असं रोज ठरवतो. मग संध्याकाळी ती पेला पुढं करते नि हसते.

२१ मार्च

संहिता तीन दिवस नीट जेवलेली नाही. आज कविता ऐकता ऐकता झोपली. डोळ्यांच्या कडा पिवळ्या दिसल्या. दिव्याचा उजेड असेल.

२४ मार्च

उजेड नव्हता. डॉक्टरांकडे सगळेच गेलो. त्यांनी पाण्याचं विचारलं. आश्लेषा अभिमानानं म्हणाली, आमचे अज्जा स्वतः उकळतात, घड्याळ लावून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हणून मान हलवली.

मग जुनंच दुखणं उसळलंय, असं ठरलं. गोळ्या दुप्पट.

२९ मार्च

तळमजल्यावरच्या अंबूबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प जपा. संपात गटाराचं पाणी उतरलंय. आमच्यात तिघांना कावीळ. तुमची पोर उकळलेलं पिते म्हणून सरी, बरं झालं, नाहीतर तिचं काही खरं नव्हतं."

मी होय म्हणालो. ह्याही वेळी.

वर येऊन आता पाणी उकळतो आहे. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. पातेलं आटलं.

२ एप्रिल

तिला दवाखान्यात हलवलं. गोळ्या आणखी वाढवल्या. पहारेकरी पार झोपलेत आणि आत शिरलेला मोकळा फिरतोय. हे एकट्या मला ठाऊक आहे. एक वाक्य बोलायचं, बस्स. जीभ उचलत नाही. रात्री श्रीवत्स खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बाबा, तुम्ही किती केलंत तिचं. जमीन दुभंगली असती तर बरं.

नळ बंद असताना भिंतीतून करकर येते.

४ एप्रिल

घागर काल रिकामी करून पालथी घातली होती. मीच. सकाळी उताणी, काठोकाठ. घरात मी एकटा—

पाण्याची चव घेतली. गोड.

६ एप्रिल, सकाळी

काल तिला आयसीयूत नेलं. शुद्ध नाही. तिच्यासाठी कविता म्हणायला बसलो. एकही येत नाही. ओळीच्या जागी करकर—

अकरा वाजता

सांगितलं. श्रीवत्साला, फोनवर, सगळं. फडकं, घागर, डॉक्टरांसमोर हलवलेली मान.  तो एवढंच म्हणाला, "बाबा, डॉक्टरांनी विचारून तेरा दिवस झाले." डॉक्टरांकडे धावत गेला असावा. पावलं ऐकू आली.

साडेबारा

फोन वाजतोय. श्रीवत्स. उचलायचा धीर—

दाराची बेल.

भिंगातून पाहिलं. संहिता. एकटीच. दवाखान्याचा झगा, अनवाणी, पायांखाली पाणी साचलेलं. आयसीयूतून असं कोण कुणाला—

डोळे हळदीचे. हसते आहे. पेला पुढं केलाय.

"अज्जा, नेहमीचंच दे ना."

फोन वाजायचा थांबला. करकरही. घागर भरलेली आहे, आज मी उकळलेलं नाही, आणि माझा हात कडीकडे—