कुंपणालगतच्या झाडाचे खरे नाव

मी, वेंडेलीन कुद्येला, वय एक्याऐंशी, राहणार यावोर्ना, डोके ठिकाणावर आणि हात जेमतेम स्थिर असताना, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर मनाला टोचते म्हणून हे लिहून ठेवतो. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. घर पुतण्या राडिम याला. मागे पोहण्याचा तलाव खोदायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे, म्हणून बाग त्याला नाही. ती फळबाग मंडळाला, कुंपणालगतची पट्टी वगळून.

दोन. कलमाचा चाकू आणि करवती मंडळालाच.

तीन. कुंपणालगतची पट्टी, तिच्यावरच्या सफरचंदाच्या झाडासह, शेजारीण फिलोमेना हिला. कारण असे. १९८६च्या उन्हाळ्यात माझे पुस्तक छापून आले: या खोऱ्यात सफरचंदाच्या त्रेसष्ट जाती, एकही जास्त नाही. ऑक्टोबरच्या प्रदर्शनात लोक बशीत फळे आणतात, मी कापून बिया बघतो आणि जात सांगतो. फिलोमेनाने तिच्या आईच्या झाडाची पाच फळे ठेवली. पहिलेच कापले आणि कळले, ही चौसष्टावी. मी म्हणालो, "जंगली आहे. डुकरांना घाल." माझा शब्द तेव्हा काळ्या दगडावरची रेघ होता. मार्चमध्ये तिच्या नवऱ्याने, मेतोडने, झाड तोडून तिथे आलुबुखार लावला. त्याची दारू मेतोड दरवर्षी मला द्यायचा. सगळ्या बाटल्या तळघरात तशाच आहेत. माझ्या दफनाला प्याव्यात.

झाड तुटण्याआधी, जानेवारीत, मी चोरासारखा कुंपण ओलांडून चार काड्या कापून आणल्या होत्या आणि माझ्या बाजूला, कुंपणालगतच्या पट्टीवर, त्यांचे कलम बांधले होते. बारा वर्षांनी तेच फळ 'कुद्येलाचे हिवाळी' म्हणून मांडले आणि पदक मिळवले. दर नाताळला फिलोमेनाला टोपलीभर देतो. एका वसंतात ती म्हणाली, "वेंडेलीन, याला आमच्या आईच्या झाडाची चव आहे रे." मी म्हणालो, "या वयात सगळंच आईच्या हातचं लागतं." त्या बोलण्याची मला चोरीपेक्षा जास्त लाज वाटते.

चार. या जातीवरून माझे नाव काढावे आणि खरे नाव लावावे. ते मला माहीत नाही. गावभर फळांची नावे सांगत फिरलो, तिला एकदाही विचारले नाही.

इथवर लिहून थांबलो. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, आणि फिलोमेना माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती आधी गेली तर नाव तिच्याबरोबर जाईल आणि मी सुटेन. सुटायचेच होते मला. हे कळले तसा कागद घेऊन तिच्याकडे गेलो.

तिने चष्मा लावून दोनदा वाचले. चहा विचारला नाही. म्हणाली, "ऑक्टोबरात कापून काय कळणार होतं तुला? ते ठेवून ठेवून वसंतात गोड होतं. आईने नाव त्यावरूनच ठेवलं होतं." मग पेन मागितले. माफ केलेस का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

साक्षीदार: झ्देन्का (पोस्टाच्या बाई), आलोइस (चर्चचा घंटावाला). फिलोमेना वारस असल्याने तिची साक्ष धरू नये.
स्थळ: फिलोमेनाचे स्वयंपाकघर, यावोर्ना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९
सही: वेंडेलीन कुद्येला

कलम चारसाठी, माझ्या हाताने: ईस्टरवाली. पदक परत कर, जिवंतपणी. फिलोमेना.