एका टेकमध्ये ओके

३ फेब्रुवारी, सकाळी ८
आजपासून रोज डायरी. फक्त स्वतःसाठी. (तरी अक्षर नीट काढायचं.) माझा पहिला सिनेमा उभा राहतोय. नवऱ्याच्या खुनाचा सूड घेणारी ट्रकड्रायव्हर बाई! अशी नायिका पडद्यावर झालेली नाही. बायकोला गोष्ट सांगितली. म्हणाली, ती बोलते कधी? म्हटलं, ती बोलत नाही, मारते. बायको भाजी चिरत राहिली.

११ फेब्रुवारी
शूटिंग सुरू. बंद पडलेली सूतगिरणी. नायिका पिस्तूल मांजराच्या पिल्लासारखं धरते. ही पात्राची हळवी बाजू आहे, असं युनिटला समजावलं. कुणी वाद घातला नाही. पटलं असावं.

१९ फेब्रुवारी
नायिकेच्या जागी उडी मारणारी डुप्लिकेट आली. तिशीची, कमी बोलणारी. तिसऱ्या मजल्यावरून उडी, हाच माझा सिनेमा. फाइट मास्तर म्हणाले, तिथला कठडा कुजलाय, नुसता हात लावला तरी भुगा पडतो, पहिल्या मजल्यावरून घ्या. म्हटलं, पहिल्या मजल्यावरून मांजरंही उड्या मारतात. मास्तर हसले नाहीत. त्यांना विनोद कळत नाही.

२० फेब्रुवारी
खाली अंथरलेले खोके आणि गाद्या फ्रेममध्ये दिसतात. दोन रांगा काढायला लावल्या. मास्तर म्हणाले, मग उद्या मी नाही. जाऊ दे. कलावंत एकटाच असतो.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
डुप्लिकेटने विचारलं, मास्तर येणार ना? म्हटलं, वाटेत आहेत. हे काही खोटं नाही. माणूस कुठल्या ना कुठल्या वाटेत असतोच.
शॉट एका टेकमध्ये ओके. ती उडी घेण्याआधीच कठडा सुटला, त्यामुळे पडणं फारच नैसर्गिक आलं. कॅमेरामन मी कट म्हणायच्या आधीच कॅमेरा सोडून धावला. शिस्त नाही.
ती उठली नाही. पाय जाणवत नाहीत, म्हणत होती. धक्का बसला असणार. दोन दिवसांत हिंडूफिरू लागेल.

२८ फेब्रुवारी
हॉस्पिटलात जायचंच. पण डबिंग निघालं. उद्या नक्की.

६ मार्च
हॉस्पिटलच्या लिफ्टपर्यंत गेलो. तिथे तिची आई उभी होती. हातात लेकीचे बूट. माझं डोकं एकदम दुखायला लागलं. तब्येत सांभाळली पाहिजे. परतलो.

१४ मे
उडीचा शॉट आला की एडिटर आवाज बंद करतो. म्हणाला, हा काढूया. म्हटलं, वेडा आहेस का? थिएटर डोक्यावर घेतील लोक.

१२ जून
प्रदर्शित! सतरा माणसं. त्यात आमच्या घरची चार. मध्यंतरानंतर बारा. सुज्ञ प्रेक्षक थोडाच असतो.
उडी आली. मी श्वास रोखला. मागून कुणीतरी ओरडलं, अरे, बाहुली टाकली! सगळे खो खो हसले.
बायकोने हळूच विचारलं, ही तीच का? हो म्हटलं. ती उठून बाहेर गेली. सिनेमा संपल्यावर पाहिलं, तर एकटीच घरी निघून गेली होती.

१३ जून
शेवटी त्या डुप्लिकेटच्या घरी गेलो. चाकाच्या खुर्चीत होती. ओरडेल असं वाटलं होतं. उत्तरं पाठ करून गेलो होतो.
ओरडली नाही. विचारलं, शॉट ठेवलात ना? हो म्हटलं. मग लोक काय म्हणाले, तिने विचारलं.
खोटं बोलायला तोंड उघडलं. जमलं नाही. हसले, म्हणालो.
तिने खुर्ची दाराकडे वळवली. मग म्हणाली, आलाच आहात तर मला जरा खाली अंगणात न्या. आईला एकटीला खुर्ची उचलवत नाही.
एका बाजूला तिची आई, एका बाजूला मी. चारच पायऱ्या. दुसरीवरच माझ्या बाजूने खुर्ची कलली.
म्हणाली, साहेब, नीट धरा.