कंबोडियाची सातवी आवृत्ती

१९ जानेवारी २०२०, रविवार. गॉलवे, आयर्लंड.
आजचा दिवस माझ्या चरित्रात नोंदवण्यासारखा आहे. येथील मराठी मंडळींपैकी चित्राताईंकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. मी नेहमीप्रमाणे पुस्तकांच्या कपाटाशी उभी होते. पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेले, तर तेथे तन्वी (पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये, आवाज खणखणीत) आणि निशिगंधा (नागपूरची, तिच्याच फ्लॅटमध्ये राहते) ईस्टरच्या सुट्टीत पाठीवर सॅक टाकून स्वस्तात कंबोडिया फिरण्याचे ठरवत होत्या. तन्वीने मला विचारले, की तू येतेस का, तू स्कॉलर आहेस, सगळं नीट लिहून काढशील. निशिगंधा म्हणाली, की झालं तर मग, आपण तिघी जाऊ.

आपण तिघी! शाळेत आणि कॉलेजात मुली माझ्याकडे येत त्या वह्या मागायला. वही परत आली की येणे संपे. 'आपण' या शब्दात मला कोणी धरल्याचे हे पहिले उदाहरण. ते शेवटचे ठरता कामा नये.

संकल्प: दररोज एका अनोळखी व्यक्तीशी स्वतःहून बोलणे. ईस्टरपर्यंत भिडस्तपणा समूळ नष्ट.

२ फेब्रुवारी, रविवार.
आराखड्याची पहिली आवृत्ती पूर्ण. बसमार्ग, धर्मशाळावजा हॉस्टेले, देवळांचा इतिहास, ख्मेर भाषेतील उपयुक्त वाक्ये, विंचू चावल्यास प्रथमोपचार. कच्छपासून कंबोडियापर्यंत एवढी तयारी कोणी केली नसेल.

चोरांपासून रक्षणाचे प्रकरणही अमलात आणले. कमरेच्या पट्ट्याला आतून चोरकप्पा शिवला, पासपोर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवला आणि कप्प्याचे तोंड दुहेरी टाक्यांनी बंद केले. शाळेतील शिवणाचे गुण वाया गेले नाहीत. आराखड्यात लिहिले: 'पासपोर्ट: तपासला.'

आजची अनोळखी व्यक्ती: बसड्रायव्हर. उतरताना 'थँक्यू' म्हणाले. तो 'गुड गर्ल' म्हणाला. हे संभाषणच होय.

१२ मार्च, गुरुवार.
साथीमुळे माझे विद्यापीठ बंद. प्रवास बहुधा रद्द. मला अतोनात दुःख झाले. दुःखाच्या भरात शिरा करून खाल्ला आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

२९ मार्च, रविवार.
विमान कंपनीचा रद्दपत्राचा ईमेल आला. घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जाण्यास मनाई. परक्या माणसापासून दोन मीटर दूर राहण्याचा आदेश. म्हणजे शासनाने माझा संकल्पच बेकायदेशीर ठरवला. कायदा मोडणाऱ्यांतली मी नव्हे.

खरी चिंता वेगळी आहे. प्रवास नाही, तर तिघी कशाला? तन्वीला मी फोन करून सांगितले, की प्रवास रद्द नसून पुढे ढकलला आहे, आणि दर गुरुवारी व्हिडिओ-बैठक घेऊ. ती म्हणाली, की घे गं बाई, कुठे जाणार आहोत नाहीतरी.

तिचा उत्साह पाहून भरून आले.

१० मे, रविवार.
मर्यादा आता पाच किलोमीटर. सॅकचा सराव सुरू केला. सॅकमध्ये मराठी शब्दकोशाचे दोन खंड, संख्याशास्त्राचे पुस्तक आणि तांदळाची पिशवी. सॉल्टहिलच्या समुद्रकाठाने चालले. वारा समोरून, पाऊस बाजूने.

एका गार्डाने (म्हणजे येथील पोलिसाने) थांबवले आणि विचारले, की कुठे निघालात. मला खोटे बोलता येत नाही. म्हणून सांगितले, की कंबोडियाला. त्याने सॅककडे पाहिले, समुद्राकडे पाहिले आणि म्हणाला, की ते पाच किलोमीटरच्या जरा बाहेर पडेल, नाही का? मी सरावाची संकल्पना सविस्तर समजावून दिली. तो 'फेअर प्ले टू यू' (येथील शाब्बास) म्हणाला आणि तांदूळ भिजतोय हेही त्यानेच दाखवले.

घरमालकीण मिसेस कॉनेली यांनी ओला तांदूळ पाहून काहीही न विचारता प्रेसमधून (येथे कपाटाला प्रेस म्हणतात) मोठे पातेले काढून दिले. तीन दिवस खिचडी.

२७ ऑगस्ट, गुरुवार.
बैठक. चौथी आवृत्ती सादर केली. निशिगंधा मधेच जेवायला बसली. तन्वीचा कॅमेरा बंद होता, एकाग्रतेसाठी असावा. शेवटी मी घटक चाचणी घेतली. प्रश्न पहिला: प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान किती उरलेली असावी? अपेक्षित उत्तर: सहा महिने. निशिगंधाने लिहिले: 'पुरेशी.' शून्य द्यावे लागले. मैत्री आणि गुणदान यांत गल्लत करून चालत नाही. ती म्हणाली, की बाप्पा, काय करून राहिली तू, सहलीची का परीक्षा असते?

असते.

२२ ऑक्टोबर, गुरुवार.
पुन्हा पाच किलोमीटर. निवासपरवान्याची मुदत शासनाने परस्पर वाढवली. कुठे जायला नको, काही दाखवायला नको. येथील शासन समंजस आहे.

बैठकीला मी एकटी होते. तरीही घेतली. नॉमपेन्हमधील बसस्थानकांचा भाग अधिक नेमका करता आला.

१८ जानेवारी २०२१, सोमवार.
नोकरी लागली. वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत, गुणवत्ता विभागात. पाकिटांवरच्या समाप्तीच्या तारखा तपासण्याचे काम आहे. साहेब म्हणाले, की कौमुदीच्या नजरेतून तारीख सुटत नाही.

तन्वीला कळवले. तिने नाचणाऱ्या अस्वलाचे चित्र पाठवले. पुढच्या गुरुवारच्या बैठकीबद्दल विचारले, तर दुसरे अस्वल.

२२ एप्रिल, गुरुवार.
आता जिल्हाभर फिरण्यास मोकळीक. तन्वी आणि निशिगंधा रविवारी कॉनेमाराला जाऊन आल्या हे फोटोंवरून समजले. मला विचारले नाही. ते योग्यच, कारण सहाव्या आवृत्तीत मी गुंतले आहे हे त्यांना ठाऊक आहे. माझा वेळ वाया जाऊ नये एवढाच त्यांचा हेतू.

फोटो चार वेळा पाहिले. कॉनेमारात बघण्यासारखे फारसे नाही.

१४ ऑगस्ट, शनिवार. किलार्नी.
मीच पुढाकार घेऊन पूर्वपरीक्षा ठरवली: एक रात्र हॉस्टेलात. दोघी लगेच हो म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, की खोलीबद्दल त्यांना विचारायचे राहून गेले आणि मी चार खाटांची अख्खी खोली नोंदवली. चौथ्या खाटेवर अनोळखी बाई आली तर काय बोलायचे?

तन्वीने खोली पाहून विचारले, की चौथं कोण येतंय. कोणी नाही, असे मी सांगितले. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, की कौमे, एवढ्या पैशात हॉटेल आलं असतं, सकाळी सॉसेजसकट! मी शाकाहारी असल्याची तिला आठवण करून दिली.

संध्याकाळी खालच्या स्वयंपाकघरात त्या दोघी कॉर्कच्या मुलींशी पत्ते खेळत बसल्या. मला तीनदा बोलावले. मी भांडी घासली. भांडी संपल्यावर कोरडी भांडी पुन्हा घासली. त्या मुलींपैकी एक म्हणाली, की तुमची मैत्रीण लई कामाची आहे. निशिगंधा म्हणाली, की आहेच मुळी, आमची टॉपर आहे ती.

आमची. एकंदर पूर्वपरीक्षा उत्तीर्ण.

१५ नोव्हेंबर, सोमवार.
कंबोडियाने दार उघडले. दोन लशी घेतलेल्यांना विलगीकरण नाही. बातमी पुन्हा पुन्हा वाचली. आनंदाने वाचतात तशी.

पाच मिनिटांत तन्वीचा फोन. म्हणाली, की कौमे, उठ, सात आवृत्त्या झाल्या, आता निघायचं, अकरा डिसेंबर, मी तिकिटांच्या पानावर बसलेय, तिघींचे पासपोर्ट नंबर पाठवा, आणि यावेळी तू नाही म्हणालीस तर तुला सॅकमध्ये भरून नेईन.

दोन वर्षांत ती विसरली नव्हती. अस्वल पाठवत होती, कॅमेरा बंद ठेवत होती, पण विसरली नव्हती. मी आईला कराडला फोन केला आणि सांगून टाकले, की मी कंबोडियाला चालले. आई म्हणाली, की तू? एकटी दुकानात जात नव्हतीस ती? आणि तिने तेवढ्यात शेजारच्या स्नेहलताकाकूंना हाक मारली.

उद्या चोरकप्पा उसवायचा.

१६ नोव्हेंबर, मंगळवार.
उसवला. टाके उत्तम होते. अर्धा तास लागला.

पासपोर्ट अठराव्या वर्षी काढलेला. मुदत ९ मार्च २०२२. सहा महिने उरत नाहीत. चारही नाहीत.

पहिल्या आवृत्तीत 'तपासला' असे लिहिले होते. तेव्हा ते खरे होते. पुढच्या सहा आवृत्त्यांत ते वाक्य मी जसेच्या तसे उतरवून घेतले. अक्षर सर्वत्र सुवाच्य आहे.

१८ नोव्हेंबर, गुरुवार.
नवा पासपोर्ट अकरा डिसेंबरच्या आत येण्याची शक्यता नाही. दोघींना व्हिडिओवर सांगितले. वाटले होते, तन्वी ओरडेल. ती नुसते 'बरं' म्हणाली. ते फार कठीण गेले. निशिगंधा म्हणाली, की मला शून्य दिलं होतंस गं तू. मग तीच म्हणाली, की थांबू का आपण, जानेवारीत जाऊ.

या क्षणी 'थांबा' म्हणायला हवे होते. ते वाक्य तयारही होते. मी म्हणाले, की तिकिटे स्वस्त आहेत, तुम्ही जा, मी नोट्स पाठवते.

फोन ठेवल्यावर छातीवरून काहीतरी उतरल्यासारखे वाटले. सर्दी असावी. शिरा केला. अर्धा झाल्यावर खाववेना.

१० डिसेंबर, शुक्रवार.
निशिगंधाच्या सॅकची चेन तुटली, म्हणून तन्वी माझी न्यायला आली. शब्दकोश बाहेर काढले, माझा निळा रेनकोट आतच राहू दिला. दीड वर्षाच्या सरावाने पट्टे मऊ झाले आहेत. तन्वीने ती पाठीवर टाकली आणि म्हणाली, की वा, काय बसते गं ही! दारात तिने विचारले, की तुला खरंच यायचं होतं ना? मी तिला सांगितले, की दुसऱ्या प्रकरणातील पाण्याविषयीची टीप अवश्य वाच.

१९ डिसेंबर, रविवार.
आईला अजून काही सांगितलेले नाही. अकरापासून तिच्याशी व्हिडिओवर बोलत नाही. येथे नेटवर्क नसते, असे कळवले. ते काही प्रमाणात खरे आहे. मिसेस कॉनेलींचे वायफाय कमकुवत आहे. रजा घेऊनही मी रोज घरी कशी, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसतो, पण त्या केवळ 'ग्रँड' (म्हणजे ठीक) म्हणतात आणि चहा ठेवतात.

तन्वीचा संदेश आला. नोट्समधील निम्मी हॉस्टेले साथीत बंद पडली. बसस्थानक हलवले आहे. त्या भलत्याच गावी उतरल्या, तेथे कोणाचे तरी लग्न होते, दोघी नाचल्या.

त्याखाली फोटो. देवळाची पायरी. एका बाजूला तन्वी, दुसऱ्या बाजूला निशिगंधा, आणि मधे माझी सॅक उभी करून तिला माझाच निळा रेनकोट घातलेला, टोपी वर ओढलेली. खाली लिहिले होते: आपण तिघी.

हा फोटो मी खूप वेळ पाहिला. मग आईला पाठवला. काय हेतूने, ते लिहिता येत नाही.

आईचा लगेच फोन आला. तिने विचारले, की यात तू कुठे आहेस?

मी म्हणाले, की फोटो मी काढला.

आई म्हणाली, की चांगला आलाय हो, स्नेहलताकाकूंनाही दाखवला. आता तुझा स्वतःचा एक पाठव, प्रवासातला.

बाहेर पाऊस. प्रवासाच्या निमित्ताने काढलेला माझा एकच फोटो माझ्यापाशी आहे. तो पासपोर्टात आहे. ९ मार्चपर्यंत ग्राह्य.