भाड्याचा डब्बा

४ एप्रिल २०२२
नेटचा डब्बा पुन्हा बंद! भर दुपारी. ज्योत्स्ना आतून वरडली, "गेलं आजी, गेलं!" — जसं कोनी मेलंच. पुन्याच्या साहेबासंगं मीटिंग चालू होती. साहेब म्हने, आनखी असं झालं त इकडंच येऊन बस हापिसात.

नात माही. तिचा बाप नांदगावले, शेतात. तिथं नेट धरत नाही, म्हनून पोरगी दोन वर्सांपासून अमरावतीले माह्यापाशी. घरी बसून कंपनीचं काम करते. गेल्या साली सोयाबीन सडलं तवा तिच्याच पगारावर सारे जेवले. पुन्याले गेली त अर्धा पगार खोलीतच जाईन. आन माह्या गोळ्या कोन आनीन? बस, एवढंच.

५ एप्रिल
देवीदास केबलवाल्याले बोलावलं. दोन वर्सांपासून डब्ब्याचं भाडं घेते, महिन्याचे शंभर. म्हटलं, "भाडं न्याले बराबर येतं तू!" त्यानं वरचा क्रोशाचा रुमाल काढला, बटन दाबलं, लाइट पाह्यले. "काकू, लाइनबी चांगली, डब्बाबी चांगला." त्याच्यासमोर चालला मेला! तो गेला, रुमाल नीट घातला. चार वाजता बंद.

९ एप्रिल
दुसऱ्याच्या जात्यावर किती दिस दळावं? सोताचा डब्बा घ्याचा. भिशी लागलीच होती. ज्योत्स्ना म्हने, "राहू दे न आजी, कायले खर्च?" मी आयकते का!

इतवारा बाजारात अब्दुल गफ्फारच्या दुकानात गेली. माहा रेडिओ त्यानंच दुरुस्त केलता. कोनतंही खोकं हातात देलं नाही. "अम्मा, पहले केबलवाले से पूछो, उनकी लाइन पे कौनसा चलता है." सरळ मानूस. तिथूनच देवीदासले फोन लावला. डब्ब्याचं नाव सांगता सांगता, भाडं बुडते म्हनून, त्याचं तोंड कडू झालं, फोनमंधीबी दिसलं मले. तेवीसशे रुपये.

११ एप्रिल
देवीदास आला. नव्या डब्ब्याच्या बुडाचा नंबर फोनवर कोनाले तरी सांगितला, आन झाला चालू! "जुना वापस द्या काकू, नाही त भाडं लागतच राहीन." देला. पन कागदावर लिहून घेतलं — डब्बा मिळाला, सही, तारीख. तो हासला. हास म्हटलं. चौथी शिकली मी, पन तेवढं समजते.

रुमालबी नवा इनून वर घातला, हिरव्या काठाचा. धूळ केवढी उडते! आमच्या घरी टीव्ही, मिक्सर, काहीच उघडं राहत नाही.

१४ एप्रिल
जयंती. खीर केली. डब्ब्याले सुट्टी.

२० एप्रिल
बंद! नवा!! साहेबाचं बोलनं अर्ध्यात तुटलं. साहेब म्हने, आता दोन तारखेले पुन्याले हजर व्हाचं. देवीदासले शिव्या देल्या, गफ्फारलेबी देल्या. ज्योत्स्नानं ताट घेतलं. तीन भाकरी जेवली.

२४ एप्रिल
रुमाल धुवाले काढला. खाली डब्बा तव्यावानी तापेल होता!

२६ एप्रिल
दोन दिवस उघडा ठेवला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, तरी एकदाबी बंद नाही.

म्हनजे देवीदासचा डब्बा चांगला होता. गफ्फारचाबी चांगला. रुमाल माहा.

सांगितलं त ज्योत्स्ना साहेबाले फोन करीन, आता बंद पडत नाही म्हनीन, आन राहीन. पन देवीदास सालभर दात काढीन. माहं चुकलं असं जन्मात कोनाले म्हटलं नाही मी. नवऱ्यालेबी नाही.

२९ एप्रिल
सांगितलं. बॅग भरता भरता पोरगी थांबली.

"मले माहीत होतं आजी. पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलली असती त तू जाऊ देलं असतं?"

"मंग तेवीसशेचा डब्बा काहून घेऊ देला, भवाने!"

"मी नाहीच म्हनत होती न."

खरं हाय. म्हनत होती.

बॅगेची चेन लागेना. मी वर बसली, तवा लागली.