परवानगी होती

इल्फर्ड, रविवार

प्रिय सुनीती,

फोनवर माझा आवाज ऐकला की तुझ्या फ्लॅटवरची शिल्पा ठेवूनच देते. म्हणून लिहितोय. फाडायचं तर वाचून फाड.

बर्मिंगहॅमला येऊ नकोस असं तू बजावलं होतंस. एम.ए.ला लागल्यापासूनची पहिलीच कॉन्फरन्स, कॉलेजांच्या स्टुडंट वेल्फेअरमधली सगळी मुरलेली माणसं, मी तिथे हरवून जाईन रे, असं दहादा म्हणालीस. मला वाटलं, ही हरवणार असेल तर आपण नको का तिथे? लंडनहून पहाटेच्या कोच बसनं निघालो. दारावरच्या बाईला सांगितलं, मी सुनीतीचा भाऊ. तिनं हसून बॅज दिला. कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस, आणि छातीवर 'डेलिगेट'.

तू बोलायला उभी राहिलीस. सुरुवातीचं कुणाला ऐकूही आलं नसेल. मग तुझा आवाज लागला आणि मागच्या रांगेत माझा ऊर भरून आला. शेजारचे म्हातारे गृहस्थ मान डोलवायला लागले तेव्हा त्यांना सांगावंसं वाटलं, ही आमची. तेवढ्यात तू त्या मुलाचं सांगायला लागलीस. इंजिनिअरिंग सोडलेला, घरी न सांगता रोज बॅग घेऊन निघणारा, लायब्ररीमागच्या बाकावर बसून आईनं दिलेली पोळीभाजी खाणारा, आणि संध्याकाळी आईनं आज काय शिकवलं विचारलं की अख्खं लेक्चर रचून सांगणारा. नाव नव्हतं घेतलंस. पण हॉल हळहळला, सुनीती. एक बाई डोळे पुसत होती, माझ्या डब्यावर. कॉलेज सुटल्याचं आईला आता ठाऊक आहे, त्या डब्यांचं अजून नाही.

माझं डोकं तुला माहीत आहे. उठलो आणि इंग्रजीत ओरडलो, तो मुलगा मी, मलाच विचारा ना. मग तुझ्याकडे बघून मराठीत, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं ते, यांच्यात वाटायला नाही. तू कागद गोळा केलेस आणि बाजूच्या दारानं गेलीस. तेव्हापासून ताटातलं तसंच टाकून उठतो. आई म्हणते, कावीळ झालीय तुला, जीपी डॉक्टरांकडे जा.

काल तुझ्या ट्यूटरबाईंचा फोन आला, बॅज घेताना मी दारावर नंबर लिहिला होता. फार सभ्य बोलल्या. मुलाला न विचारता त्याची केस मांडली असेल तर सुनीतीला कोर्स सोडावा लागेल. आणि त्याच्याशी तिचे खाजगी संबंध असतील, तर या क्षेत्रात तिला पुन्हा कुणी उभं करणार नाही. कॉलेज सुटलं की सकाळी उठून कुठे जायचं हेच कळत नाही गं. ते तुझ्या वाट्याला माझ्या तोंडामुळे यायला नको.

म्हणून सांगितलं, परवानगी होती. वेल्फेअरच्या ऑफिसात बसून रीतसर विचारून घेतलं तिनं. त्यापलीकडे आमची ओळख नाही, दारावर भाऊ म्हणालो ते नुसतं आत शिरायला. मराठीत काय ओरडलास, म्हणाल्या. म्हटलं, घरी कळेल म्हणून लाज वाटली, तेच बोललो. गुरुवारी तुला बोलावणार आहेत. तूही हेच सांग, अक्षर बदलू नकोस. आणि त्यानंतर मला भेटू नकोस. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात समोर आलो तर हॅलो म्हणून पुढे जा. मी भांडेन, रडेन, तुझ्या दारात येऊन उभा राहीन, मला मी माहीत आहे. उघडू नकोस.

एवढ्या कागदापुरता तुझाच,
हरीश